करी रोडचं लालबाग करायचं का? माझं मत : हो, आणि लवकर करा

लालबागचा बाब्या

तर मंडळी, विषय जुनाच आहे पण गणपती जवळ आले की आमच्याकडे नाक्यानाक्यावर परत उकरला जातो म्हणून धागा काढतोय. जुलै २०२४ ला विधान परिषदेत ठराव झाला, मुंबईतल्या लोकल स्टेशनांची नावं बदलायचा. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. राज्याने हो म्हटलं म्हणजे झालं असं नसतं, केंद्राच्या गृहखात्याचा होकार लागतो, मग राजपत्र, मग रेल्वे पाट्या बदलणार. बाकीच्या स्टेशनांचं त्या त्या लोकांनी बघावं, मी फक्त माझ्या स्टेशनबद्दल बोलतोय.

भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. बघा, यात लालबाग कुठेय? अख्ख्या महाराष्ट्राला लालबाग माहितीय, मसाले कुटून न्यायला लोक डोंबिवली विरारवरून येतात, गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, राजा १९३४ चा, आणि रेल्वेच्या नकाशावर आम्ही नाहीच. आणि नाव कोणाचं आहे, तर करी नावाच्या साहेबाचं. हा माणूस १८६५ ते १८७५ बीबीसीआय रेल्वेचा एजंट होता. एजंट म्हणजे कमिशन खाणारा नव्हे, तेव्हा कंपनीचा इथला सगळ्यात वरचा साहेब, आजच्या भाषेत जनरल मॅनेजर. आता गंमत बघा, बीबीसीआय म्हणजे आजची वेस्टर्न, आणि स्टेशन आहे सेंट्रलवर, म्हणजे जुन्या जीआयपीच्या रुळावर. साहेब धड आपल्या लाईनीचाही नाही!

आणि ज्या रस्त्याला त्याचं नाव होतं तो रस्ता केव्हाच महादेव पालव मार्ग झालाय. म्हणजे करी रोड नावाचा रोड कागदावर शिल्लकच नाही, फक्त स्टेशन उरलंय. कशासाठी ठेवायचं ते?

खरं कारण वेगळंच आहे, ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांनी संप पुकारला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. आता बिल्डरची जाहिरात बघा, आमच्या गल्लीला लोअर परळ म्हणतात, कुणी तर अप्पर वरळी म्हणतो. लालबाग म्हटलं की भाव पडतो म्हणे. उद्या चाळी पण जातील, मग लालबाग हे नाव फक्त गणपतीच्या पावतीवर उरेल. स्टेशनच्या पाटीवर असलं तर निदान कोणाच्या बापाला पुसता येणार नाही. बोला.

खवचट पोहे

चला, गणपतीच्या आधीच मांडव पडला. मी खुर्ची घेऊन बसतो.

डबल फास्ट

बाब्याभाऊ, माहिती चांगली दिलीत पण निष्कर्ष पटला नाही, जरा मोठं लिहितोय.

एक तर स्टेशनला नाव साहेबावरून पडलेलं नाही, रस्त्यावरून पडलंय. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, रे रोड, करी रोड, सगळी तीच तऱ्हा, शेवटी रोड आहे ते उगाच नाही. स्टेशन कुठल्या रस्त्याला लागून आहे हे प्रवाशाला कळावं एवढाच हिशोब. त्यामुळे दुसऱ्या लाईनीचा साहेब इथे कसा हे कोडंच नाहीये, रस्ता परळच्या बाजूचा, आणि बीबीसीआयची लाईनही पलीकडे हाकेच्या अंतरावर.

आता गुलामगिरीच्या खुणा पुसायच्या असं कोणी म्हणत असेल (तुम्ही नाही म्हणालात, मान्य) तर ही यादी जरा नीट वाचा. सर रॉबर्ट ग्रँट हा १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर, तो यादीत नाही. लॉर्ड रे १८८५ ते १८९० गव्हर्नर, तोही नाही. रे रोडचं महत्त्व तर असं की १९१० ला हार्बर लाईन चालू झाली ती कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच. हे दोन गव्हर्नर आरामात बसलेत आणि काढतोय कोणाला, तर चर्नी रोडला! चर्नी कुठला ब्रिटिश? गुरांच्या चरणीवरून म्हणा नाहीतर ठाण्याच्या चेंदणीवरून म्हणा, दोन्ही कथा इथल्याच मातीतल्या.

आणि तुम्ही गिरणगावाच्या आठवणीसाठी म्हणताय ना? मग कॉटन ग्रीन पुसायला निघालेत त्याचं काय? ज्या कापसावर तुमच्या गिरण्या चालल्या त्याच कापसाच्या बाजाराचं आणि गोदामांचं नाव आहे ते. डॉकयार्ड म्हणजे गोदी, तिथेही कामगारच राबला. कामगारांचा इतिहास जपायचा म्हणून कामगारांच्याच दोन खुणा काढायच्या, हे गणित मला तरी सुटत नाही.

लालबागचा बाब्या

डबल फास्ट, मी आधीच लिहिलंय की बाकीच्यांचं मी बोलत नाही. कॉटन ग्रीन राहिलं तर मला आनंदच आहे. यादीत चार नावं चुकली म्हणून पाचवं बरोबर असलेलं नाव पण चुकतं का? आणि तुमचं नाव डबल फास्ट, तुमची गाडी करी रोडला थांबते तरी का हो?

डबल फास्ट

नाही थांबत, धूळ उडवत निघून जाते. पण मी ट्रेन बघायला स्लोने पण येतो.

नाना डिलाईल रोड

मी पलीकडच्या बाजूचा, डिलाईल रोडचा. आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात, निदान पाटीवर तरी. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. बाब्या, तुझं लिहिणं वाचून बरं वाटलं पण राग पण आला.

राग याचा की आमच्या भागाला काही द्यायचं म्हटलं की नाव देतात. संप फुटला, गिरणी गेली, घरासाठी कामगार म्हातारा होईपर्यंत फॉर्म भरत बसला, आणि आता तुम्हाला काय मिळालं तर स्टेशनला तुमच्या वस्तीचं नाव. नाव फुकट असतं रे. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी करायचा ठराव विधिमंडळात डिसेंबर २०१६ ला झाला. २९ सप्टेंबर २०१७ ला त्याच स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. जुलै २०१८ ला पाटी बदलली. या तीन तारखा एकाखाली एक लिहून बघ आणि मग सांग आधी काय करायला पाहिजे होतं.

आणि त्या चेंगराचेंगरीनंतर पूल बांधायला कोण आलं? लष्कर. एल्फिन्स्टनला एक, आंबिवलीला एक आणि तिसरा आपल्या करी रोडला. फेब्रुवारी २०१८ ला तिन्ही चालू झाले. लष्कराला बोलवावं लागलं इतकं छोटं आणि इतकं दुर्लक्षित स्टेशन आहे आपलं, दोन प्लॅटफॉर्मचं. त्याचा कधी धागा काढलास का?

खवचट पोहे

नाना +१. पण पूल लष्कराने बांधला म्हणून नाव पण त्यांच्याकडूनच घेऊ या, भांडणच नको.

सुलुताई

मी माहेरची लालबागची, आता डोंबिवलीत. आमच्या चाळीत कोणीच कधी "लालबाग स्टेशन" म्हटलेलं मला आठवत नाही हो. आई म्हणायची करी रोडला उतर, आणि पुलावरून ये, रुळातून येऊ नकोस. चिंचपोकळीला उतरलं तरी लालबागच, करी रोडला उतरलं तरी लालबागच. मुद्दा तोच आहे माझा, लालबाग दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, एकाला ते नाव दिलं की दुसऱ्याचं काय? चिंतामणी चिंचपोकळीचा (१९२० पासूनचा, म्हणजे राजापेक्षा पण जुना), त्याच्याकडे जाणारा माणूस पण लालबागमध्येच फिरत असतो.

पण मला खरी भीती आहे ती गणपतीच्या गर्दीची. बाब्या दादा, तुम्ही तिथेच राहता म्हणजे बघत असालच. आता बाहेरगावचा माणूस राजाला जायचं म्हणून निघतो तेव्हा कोणाला तरी विचारतो, कोणी सांगतो चिंचपोकळी, कोणी सांगतो करी रोड, कोणी वेस्टर्नवरून येणाऱ्याला लोअर परळला उतरून चालत जायला सांगतो. म्हणजे गर्दी आपोआप तीन ठिकाणी वाटली जाते. उद्या इंडिकेटरवर लालबाग असं नाव आलं, गाडीत "पुढील स्टेशन लालबाग" असं ऐकू आलं, की सगळा डबा एकाच ठिकाणी उतरणार! पुण्याहून साताऱ्याहून आलेला माणूस दादरला लोकल पकडून दुसरीकडे कशाला उतरेल? आणि ते स्टेशन केवढं, दोन प्लॅटफॉर्म. शेवटच्या दोन दिवसांत रात्री तिथे काय होतं ते मी बघितलंय, जिन्याच्या तोंडाशी पोलीस दोरी धरून उभे, थोडे सोडतात मग अडवतात, तेवढ्यात मागून पुढची लोकल येऊन उभी राहते आणि ती लोकं उतरायला जागाच नसते, बायका पोरांना उचलून डोक्यावर घेतात, कोणाची चप्पल रुळात पडते तर तो तिथेच वाकून बघत बसतो आणि मागचे ओरडतात. हे आत्ताच्या नावाने होतंय. नाव लालबाग केल्यावर?

अनिवासी परळकर

सुलुताईंचा मुद्दा एकदम वेगळा आणि बरोबर आहे. मी बाहेर असतो, इथे दुबईत मेट्रो स्टेशनला नाव देताना पैसे घेतात पण निदान माणूस कुठे उतरेल याचा विचार तरी करतात. आपल्याकडे नावाचा आणि गर्दीचा संबंध असतो हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रभादेवीचंच बघा, सिद्धिविनायकाला जाणारे आधी दादरला उतरायचे, आता नाव बघून तिथे उतरतात आणि मग विचारतात देऊळ कुठेय, तर बरंच लांब.

लालबागचा बाब्या

सुलुताई, तुमच्या मताचा आदर आहे पण हे पटत नाही. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, मॅपमध्ये लालबागचा राजा टाकलं की जवळचं स्टेशन तो मॅपच दाखवतो, नाव करी असो की भाजी असो. गर्दी नावाने येत नाही, राजाने येते. आणि मंडळ, रेल्वे, पोलीस सगळे मिळून दरवर्षी बंदोबस्त लावतातच. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, तसं स्टेशनवर पण येणाऱ्यांचा जिना वेगळा आणि जाणाऱ्यांचा वेगळा करता येतो. दहा दिवसांच्या गर्दीसाठी बाकीचे साडेतीनशे दिवस आम्ही साहेबाचं नाव का मिरवायचं?

आणि नाना, तुमचा राग मला कळतो. पण पूल किंवा नाव, दोन्हीतलं एकच मिळणार असं कोणी ठरवलं? नाव नाही दिलं तर तेवढे पैसे वाचून प्लॅटफॉर्म रुंद होणार आहे का? नाही होणार. मग नाव पण सोडायचं का?

नाना डिलाईल रोड

पैशाचं बोललोच नाही मी. मी बोललो लोकांच्या डोक्याचं. नाव मिळालं की लोक खूश होतात, फटाके वाजतात, बॅनर लागतात, आणि मग पुढची पाच वर्ष कोणी प्लॅटफॉर्मचं विचारत नाही. आमदार सांगणार मी तुम्हाला लालबाग दिलं. हे मी आयुष्यभर बघत आलोय. डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ ला बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ उजाडलं, पाच वर्ष आम्ही वळसे मारले. रस्त्याचं नाव मात्र त्याआधीच किती वर्ष मराठी होतं!

आणि इतिहासच पाहिजे ना तुला, तर लालबागच्या पाटीने काय कळणार आहे नव्या पोराला? त्याला वाटणार राजावरून नाव दिलंय. ५ जून १९७० ला कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून याच लालबागमध्ये झाला, इथलेच आमदार होते ते. लाल बावट्याचे कलापथक, अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर, गिरण्यांच्या गेटवरच्या सभा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, ते लालबाग. टीव्हीवर दिसतं ते वेगळं लालबाग. तू पाटी लावणार पहिल्याच्या नावाने आणि पोचणार दुसरंच.

मधली सुट्टी

वाचतेय सगळं, छान चाललंय. मला एक विचारायचं होतं, राजाचा आणि बाजाराचा काय संबंध आहे? माझ्या सासूबाई सांगतात की आधी मार्केट होतं.

सुलुताई

हो, पेरू चाळीचा बाजार होता तिथे, तो १९३२ ला बंद पडला. कोळणी आणि भाजी विकणारे लोक उघड्यावर आले, त्यांनी नवस बोलला की कायमची जागा मिळाली तर गणपती बसवू. जागा मिळाली म्हणून १९३४ ला गणपती बसला. म्हणून नवसाला पावणारा म्हणतात. म्हणजे बघा ना, सुरुवात पण पोटापाण्यावरूनच झाली, नंतरचं सगळं नंतर.

लालबागचा बाब्या

बघा नाना, सुलुताईंनीच उत्तर दिलं तुम्हाला. राजा आणि कष्टकरी ही दोन वेगळी लालबागं नाहीत. कोळणींच्या नवसाचा गणपती आहे तो. तुम्ही पोथीवाल्यांसारखे एकीकडे देव आणि एकीकडे लाल बावटा असे दोन ढीग करता, आमच्या चाळीत एकाच भिंतीवर दोन्ही फोटो होते.

नाना डिलाईल रोड

आमच्या पण होते. ढीग मी नाही केले, १९८२ नंतर झाले. एक फोटो राहिला आणि एक उतरला, कोणता उतरला ते तुला माहितीय.

खवचट पोहे

इथे मी खुर्ची जरा मागे सरकवतो.

डबल फास्ट

भावनेचं सगळं मान्य. मला अजून एकच गोष्ट कळत नाही, रस्त्याचं नाव बदलून इतकी वर्ष झाली, महादेव पालव मार्ग कोण म्हणतं? टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडे बघत बसेल. लोक करी रोडच म्हणतात, आणि ते का म्हणतात तर स्टेशनमुळे. म्हणजे स्टेशनचं नाव टिकलं म्हणून रस्त्याचं जुनं नाव तोंडात राहिलं. आता स्टेशनचं बदललं की एका पिढीत करी रोड संपेल. तुम्हाला ते चांगलं वाटतं, मला नाही वाटत. तो करी काही जुलमी गव्हर्नर नव्हता, गाड्या चालवणाऱ्या कंपनीचा माणूस होता. रेल्वेच्या स्टेशनवर रेल्वेवाल्याचं नाव, याच्याइतकं सरळ काय असतं? मुंबईत गव्हर्नरांची नावं पुष्कळ, रेल्वेवाल्याचं किती?

सँडहर्स्ट रोडचं एकवेळ मी समजू शकतो, तो साहेब १८९५ ते १९०० गव्हर्नर, प्लेग त्याच्याच काळात आला, लोकांची घरं तपासणं वगैरे, कटू आठवणी आहेत. त्यातूनच १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्ती कापून रुंद रस्ते काढले, त्यातलाच सँडहर्स्ट रोड. त्याच्याबद्दल राग असू शकतो. पण करीवर कसला राग?

लालबागचा बाब्या

राग नाहीच आहे! किती वेळा सांगू. मी त्याला शिव्या कुठे घातल्या? घरात पाहुणा दीडशे वर्ष राहिला, चांगला होता, पण घराच्या दारावर पाटी कोणाची लावायची? पाहिजे तर स्टेशनात एक छोटी फळी लावा, करी कोण होता, रस्त्याचं नाव कसं पडलं, जुना फोटो असेल तर तो. आमची हरकत नाही. वर मात्र लालबाग.

सुलुताई

हे पटण्यासारखं आहे. पण फळी लावायला भिंत रिकामी पाहिजे ना, सगळीकडे जाहिराती.

अनिवासी परळकर

मधला मार्ग सुचवतो, "करी रोड लालबाग" असं जोडनाव ठेवा. दोघंही खूश.

नाना डिलाईल रोड

जोडनाव ठेवलं की मंडळवाले म्हणणार आमचं नाव मागे का. नको तो मधला मार्ग. माझी मागणी साधी आहे. केंद्राचा होकार यायचा तेव्हा येऊ दे, पण त्याआधी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना जिने करा, मधल्या जिन्यावरचा भार कमी करा, गणपतीत किती माणसं सोडायची ते आधी ठरवा. हे झालं की मी स्वतः बाब्याबरोबर पाटीला हार घालायला येतो. आधी नाव आणि मग जिना असेल तर माझा विरोध समजा, लेखी.

लालबागचा बाब्या

नाना, अर्ज लिहा, पहिली सही माझी. पण त्यात नावाची मागणी पण टाकणार मी, दुसऱ्या नंबरला.

नाना डिलाईल रोड

दुसऱ्या नंबरला चालेल. पहिल्याला टाकलीस तर फाडून टाकीन.

डबल फास्ट

मी सही करणार नाही, पण जिन्याचा अर्ज वेगळा काढलात तर त्याच्यावर करतो.

मधली सुट्टी

बरं मला शनिवारी मसाला आणायला जायचंय, करी रोडला उतरू की चिंचपोकळीला?

सुलुताई

चिंचपोकळीला उतरा, आणि सकाळी लवकर जा, दुपारी डंकासमोर रांग असते. रुमाल न्या, मिरचीने नाक झोंबतं.

लालबागचा बाब्या

सुलुताई, करी रोड सांगा हो, धाग्याचा विषय काय आहे!